पनामाच्या कामाचा तळ

आपल्याकडे कोणी घर बांधावयास काढलें म्हणजे पाया खणण्याचा मुहूर्त आधीं निघतो; परंतु जाणता गवंडी त्या मुहूर्तापूर्वींच जागेवर दोन फेऱ्या मारून जातो. पाणी कोठून यावयाचें, चुन्याची घाणी कोठें घालावयाची, विटांच्या गाड्या कोणत्या बाजूनें शिरतील आणि रिकाम्या होऊन कोणत्या बाजूनें बाहेर पडतील, पायाची माती कोठें टाकली म्हणजे ती पुन्हां उचलावी लागणार नाहीं, हें सारें तो मनाशीं ठरवीत असतो. घराचा मालक या वेळीं बहुधा अस्वस्थ असतो. त्याला कुदळ पडलेली पाहावयाची असते. मालकाची ही उतावीळ आणि गवंड्याची ती सावधगिरी यांचा झगडा जगांतल्या एका फार मोठ्या कामावर कसा झाला, व त्यांत किती माणसांचे प्राण गुंतले होते, तें आज सांगावयाचें आहे. तें काम म्हणजे पनामाचा कालवा.

उत्तर व दक्षिण अमेरिका ज्या चिंचोळ्या भूमीनें जोडल्या गेल्या आहेत, तिच्यावरून एका महासागरापासून दुसऱ्या महासागरापर्यंतचें अंतर पन्नास मैलांच्या आंतबाहेर आहे. सुएझचा कालवा १८६९ सालीं खुला करून कीर्तीच्या शिखरावर चढलेल्या फर्दिनां द लेसेप्स या फ्रेंच गृहस्थानें १८८१ सालीं उतारवयांत येथें काम सुरू करविलें, आणि आठ वर्षांत त्याची कंपनी बुडाली. फ्रान्समधील लहानसहान कुटुंबांनीं गुंतविलेले पैसे तर गेलेच. पण वीस हजारांहून अधिक माणसें पीतज्वर, हिंवताप व इतर रोग यांनीं मेलीं, असा अंदाज केला जातो.

फ्रेंचांनीं सोयींच्या बाबतींत हात आखडला, असें मात्र कोणीं म्हणूं नये. आंकोन टेकडीवर त्यांनीं बांधलेलें इस्पितळ त्या काळच्या उत्तम इस्पितळांत मोडण्यासारखें होतें. हवेशीर दालनें, भोंवतीं सुंदर बाग, शुश्रूषेस ख्रिस्ती जोगिणी, असा सारा थाट होता. बागेंतील झाडांचीं पानें मुंग्या कुरतडून नेत, म्हणून झाडांभोंवतीं पाण्यानें भरलेलीं मातीचीं कडीं ठेविलेलीं असत. आणि रोग्यांच्या अंगावर किडामुंगी चढूं नये म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या वाडग्यांत ठेवीत. आपल्या घरांतूनही दुधादह्याच्या कपाटाचे पाय असेच पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची रीत होती, तेव्हां या युक्तींत कोणास कांहीं वावगें दिसलें नाहीं हें नवल नव्हे. खिडक्यांना जाळी नव्हती. त्या वाडग्यांतून व कड्यांतून डांस निपजत, एका रोग्यास चावून शेजारच्या खाटेवर जात, आणि हात मोडला म्हणून दाखल झालेला मनुष्य पीतज्वरानें मरे. बांधणाऱ्यांची बुद्धि चांगली, पैसा भरपूर, हेतु दयेचा. आणि तीच इमारत मृत्यूचें आगर होऊन बसलेली! कामाच्या जागेची मांडणी हा नुसता सोयीचा प्रश्न नव्हे, हें दाखविणारें याहून विदारक उदाहरण मला ठाऊक नाहीं.

हिंवताप डांसांमुळें पसरतो, या ज्ञानाचा उगम हिंदुस्थानांतला आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस याला डांसाच्या जठरांत हिंवतापाचे जंतु सांपडले. पीतज्वराचा डांस वेगळा. त्याविषयींचा तर्क हवानाच्या कार्लोस फिनले यानें १८८१ सालींच मांडला होता व वॉल्टर रीड याच्या मंडळीनें १९०० सालीं तो प्रयोगानें खरा ठरविला. म्हणजे मे १९०४ मध्यें अमेरिकेच्या सरकारनें फ्रेंचांचा उरलासुरला पसारा विकत घेऊन काम हातीं घेतलें, तेव्हां जें ज्ञान फ्रेंचांना नव्हतें तें अमेरिकनांना होतें. तरीही त्यांचें पहिलें वर्ष जवळजवळ वायां गेलें.

मालकाला कुदळ पडलेली पाहावयाची होती. लवकर खणा, माती उडतांना दिसूं द्या, असा वर्तमानपत्रांचा व लोकांचा धोशा लागला होता. मुख्य एंजिनिअर जॉन वॉलेस यानें म्हणून कुलेब्राच्या डोंगरांत वाफेचीं फावडीं लावून दिलीं. वाफेचें फावडें म्हणजे रुळांवर उभें राहून आपल्या लांब लोखंडी हातानें डोंगर ओरबाडणारें यंत्र. फावडें माती उचले; पण ती नेण्यास वाघीण जागेवर नसे. ज्या आगगाडीच्या मार्गावरून माती जावयाची तो १८५५ सालीं पुरा झालेला, एकेरी व कमकुवत रुळांचा. फ्रेंचांच्या वेळच्या वाघिणी लहान. गाड्या वारंवार रुळांवरून घसरत. फावडें तासन् तास वाफ सोडीत नुसतें उभें राही. कामाचा सर्व अधिकार दूर वॉशिंग्टनांत बसलेल्या सात जणांच्या मंडळाच्या हातीं होता, आणि त्या मंडळाची कागदांवर फार भक्ति! एक हातगाडी तासभर भाड्यानें घ्यावयाची तरी सहा वेगवेगळीं पत्रकें भरावीं लागत; दहा फुटांहून लांब फळी कापण्यास सुताराला सहीचा परवाना लागे. इतका बंदोबस्त असूनही माणसांना राहण्यास धड घर नव्हतें आणि खाण्यास ताजें अन्न नव्हतें. १९०५ च्या उन्हाळ्याच्या तोंडीं पीतज्वर उद्भवला, आणि अमेरिकन नोकरांपैकीं चारांतले तिघे मिळेल त्या बोटीनें पळाले. जून महिन्यांत वॉलेसनेंही राजीनामा दिला.

त्याच्या जागीं जॉन स्टीव्हन्स आला. हा मनुष्य कालवे बांधणारा नव्हे, रेल्वेचा. अमेरिकेच्या वायव्येकडील डोंगरांतून आगगाडीचा मार्ग शोधून काढण्यांत त्याची हयात गेलेली. जुलै १९०५ च्या अखेरीस तो पनामास उतरला आणि चिखलांतून, तोंडांत चिरूट धरून, सारी जागा पायीं पाहत हिंडला. कुलेब्राच्या खोदाईंत त्याला काय दिसलें? फावडीं उभीं, गाड्या रुळांवरून उतरलेल्या, आणि माणसें घाबरलेलीं. पनामांत तीन रोग आहेत, पीतज्वर, हिंवताप व हातपाय गाळणें, आणि त्यांतला तिसरा सर्वांत वाईट, अशा अर्थाचें त्याचें एक वाक्य पुढें फार प्रसिद्ध झालें.

१ ऑगस्टच्या सुमारास त्यानें आज्ञा दिली कीं कुलेब्राची खोदाई बंद. फावड्यांवरच्या कसबी लोकांना त्यानें घरीं पाठवून दिलें. सर्व तयारी झाली म्हणजे बोलावूं, असें सांगितलें. जगाचे डोळे ज्या कुदळीकडे लागले होते ती त्यानें मुद्दाम खालीं ठेवविली. या एका आज्ञेस जें धैर्य लागलें असेल तें डोंगर फोडण्याच्या धैर्याहून कमी नव्हे, असें माझें मत आहे. कारण डोंगर कांहीं तार करून जाब विचारीत नाहीं.

प्रथम डॉक्टरची पाळी. डॉ. विल्यम गॉर्गस हा १९०४ पासूनच तेथें होता. पण डांसांची गोष्ट वरिष्ठांना खुळचटपणाची वाटे आणि त्याला ना माणसें मिळत ना सामान. स्टीव्हन्सनें त्याच्यासाठीं तिजोरीचें दार उघडें केलें. तारेच्या जाळीची एकच मागणी नव्वद हजार डॉलरांची होती, ती मंजूर झाली. सुमारें चार हजार माणसांचें दल गॉर्गसच्या हाताखालीं आलें. पनामा शहरांतील घरें एकामागून एक बंद करून गंधकाची धुरी दिली. पाण्याच्या पिंपांवर झांकणें बसविलीं आणि डबक्यांवर घासलेट ओतलें. परंतु सर्वांत मोठा उपाय औषधांच्या कपाटांतला नव्हता. तो नळाचा होता. घरोघर पिंपांत पाणी साठवावें लागे म्हणून तो डांस घरांत राही. शहरांत नळ आले, रस्ते बांधले गेले, गटारें झालीं, आणि पिंपाची गरजच उरली नाहीं. ११ नोव्हेंबर १९०५ रोजीं पनामा शहरांतील पीतज्वराचा शेवटचा रोगी नोंदला गेला. हिंवताप मात्र इतक्या सहजासहजीं हटला नाहीं. १९०६ सालीं सव्वीस हजारांवर नोकरांपैकीं एकवीस हजारांवर केव्हां ना केव्हां हिंवतापानें इस्पितळांत होते. १९१२ सालीं नोकर पन्नास हजारांवर गेले असतां हा आंकडा ५,६०० च्या आसपास आला.

त्या काळीं मजुरानें कोठें राहावें व काय खावें हा त्याचा तोच पाहून घेईल, अशीच मोठमोठ्या कामांवरची समजूत असे. आपल्या बोरघाटाचें काम १८५६ ते १८६३ या वर्षांत झालें. १८६१ सालीं त्या डोंगरांत बेचाळीस हजारांपर्यंत माणसें राबत होतीं, आणि पटकीच्या सांथींनीं त्यांतील किती तरी तेथेंच राहिलीं. सॉलोमन ट्रेडवेल हा मक्तेदार तर विलायतेहून येऊन थोड्याच आठवड्यांत मरण पावला व त्याची पत्नी अॅलिस हिनें तो मक्ता पुरा करविला. तळावरची वस्ती ही कामाचाच भाग आहे, तिचा आराखडा खोदाईच्या आराखड्याआधीं झाला पाहिजे, हा विचार स्टीव्हन्सनें अंमलांत आणिला.

त्यानें कचेरी शहरांतून उचलून थेट कुलेब्राच्या खोदाईच्या कांठीं नेली. वाटेवरच्या ठाण्यांतून घरें, बराकी, खाणावळी, इस्पितळें, शाळा उभ्या राहूं लागल्या. फ्रेंचांचीं मोडकीं घरें दुरुस्त झालीं. अटलांटिकच्या बाजूस क्रिस्तोबाल येथें गोदी, कोठारें, बर्फाचा कारखाना, शीतगृह, धुलाईखाना आणि दिवसाला चाळीस हजार पाव काढणारी भट्टी झाली. तेथून रोज पहांटे मांस, बर्फ, भाजी व पाव भरलेली एक गाडी निघे आणि ठाण्याठाण्यावर माल उतरवीत जाई. ज्या मुलखांत वर्षापूर्वीं अंडें मिळण्याची मारामार, तेथें न्याहारीच्या वेळीं बर्फ पोंचूं लागलें. एंजिनें व फावडीं दुरुस्त करण्याचे कारखाने गोर्गोना व एम्पायर येथें, म्हणजे यंत्रें जेथें मोडावयाचीं त्याच्या जवळच, होते.

आणि मग रूळ. स्टीव्हन्सची खरी दृष्टि येथें दिसते. कालवा खणणें हें खणण्याचें काम नसून वाहतुकीचें काम आहे, असें त्याचें म्हणणें. फावडें कितीही मोठें घ्या. त्याच्या बगलेस रिकामी वाघीण क्षणोक्षणीं उभी राहिली नाहीं तर तें लोखंडाचें ओझें आहे. म्हणून त्यानें जुना मार्ग दुहेरी केला, जड रूळ घातले, पूल बळकट केले, मोठीं एंजिनें व सपाट वाघिणी आणविल्या, आणि अमेरिकेंतून रेल्वेचीं अनुभवी माणसें बोलाविलीं.

कुलेब्राची खोदाई सुमारें नऊ मैल लांबीची, बास ओबिस्पोपासून पेद्रो मिगेलपर्यंत. तिचा तळ मध्यें उंच व दोन्हीं टोंकांकडे उतरता राखीत गेले. या एका युक्तीनें दोन कामें झालीं. कोलोनकडे वर्षाला एकशें तीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो, कुलेब्रास त्याहून कमी, तरी तो आठ महिने चालतो. तें पाणी आपोआप दोन्हींकडे वाहून जाई. आणि भरलेली गाडी नेहमीं उताराला लागे. चढ चढावयाचा तो रिकाम्या गाडीनें. खोदाई पायऱ्यापायऱ्यांनीं होई व प्रत्येक पायरीवर फावड्याचे रूळ वेगळे आणि मातीच्या गाडीचे वेगळे. पुढें काम भरांत आलें तेव्हां या नऊ मैलांत सत्तर मैलांहून अधिक रूळ पसरलेले होते व दिवसाला दीडशेंच्या वर भरलेल्या गाड्या बाहेर पडत. ती माती जाई कोठें? कांहीं गातूनच्या धरणाकडे, कांहीं पॅसिफिककडील बांधाकडे, उरलेली ठरवून ठेविलेल्या दलदलींत. टाकण्याची जागा आधीं, खणण्याची नंतर.

वाघिणी रिकाम्या करण्याची तऱ्हा तर पाहण्यासारखी होती. वीस सपाट वाघिणी, त्यांना एकच बाजू, मधल्या फटींवर लोखंडी पत्रे, म्हणजे साऱ्या गाडीची मिळून एक लांब फळीच. शेवटच्या वाघिणीवर मोठा नांगर ठेवीत आणि एंजिनाजवळच्या रहाटानें तारेचा दोर ओढून तो नांगर गाडीच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत खेंचीत. दहा मिनिटांत सारी गाडी रिकामी! माती टाकून बांध रुंदावला कीं रूळ सरकवावे लागत. त्यासाठीं रेल्वेचा व्यवस्थापक विल्यम बिअर्ड यानें १९०६ सालीं एक यारी बनविली, ती रूळ स्लीपाटांसकट उचलून बाजूस ठेवी. डझनभर माणसें या यंत्रानें दिवसाला मैलभर रूळ हलवीत. हातानें त्याला सहाशें लागलीं असतीं.

येथवरची हकीकत ऐकून कोणालाही वाटेल कीं हा तळ म्हणजे आदर्श वसाहत. परंतु त्याच आराखड्यांत एक रेघ ओढलेली होती, आणि तिच्याविषयीं न बोलतां कालव्याची स्तुति करणें प्रामाणिकपणाचें नाहीं. नोकरांचे दोन पट असत. एकाला सोन्याचा पट म्हणत, दुसऱ्याला चांदीचा. मुळांत हा पगार कोणत्या नाण्यांत मिळतो एवढाच भेद. पण लवकरच त्याचा अर्थ गोरे अमेरिकन आणि इतर असा झाला, व टपालकचेरीच्या खिडकीपासून दुकानाच्या दारापर्यंत तो सर्वत्र पाळला जाऊं लागला. सोन्याच्या पटावरील नोकरास महिन्याच्या पगाराच्या दर डॉलरमागें एक चौरस फूट जागा मिळे. बायको आली तर तिच्या नांवें तितकीच आणखी. घराला व्हरांडा, व्हरांड्याला तारेची जाळी. अंतू बर्व्याच्या गणितालाही लाजवील असा हा हिशेब, परंतु त्यानें लोक टिकले, हें खरें.

चांदीच्या पटावर मुख्यतः बार्बाडोस व जमैका इत्यादि बेटांवरचे कृष्णवर्णीय मजूर. एकट्या बार्बाडोसहून वीस हजारांच्या घरांत माणसें आणिलीं. मजुरी तासाला दहा सेंट, दिवस दहा तासांचा. बहात्तर माणसांची एक बराक, तींत एकावर एक तीन अशा किंतानाच्या खाटा. त्यांच्या खाणावळींत बसावयास जागा नसे. थाळी घेऊन पावसांत कोठें तरी आडोसा पाहावा. बहुतेकांजवळ कपड्यांचा जोड एकच. तो दिवसभर भिजे व रात्रीं अंगावरच वाळे. परिणाम वेगळा काय होणार? १९०६ च्या पहिल्या दहा महिन्यांत गोऱ्या नोकरांत मृत्यूचें प्रमाण हजारीं सतरा होतें आणि या मजुरांत हजारीं एकूणसाठ. मारणारा रोग पीतज्वर नव्हता, न्यूमोनिया होता. डांसाविरुद्ध ज्यांनीं लढाई जिंकली त्यांनीं बराकीची गर्दी आपणच आंखली होती.

हजारों मजुरांनीं त्या बराकी सोडून रानांत आपल्या झोंपड्या घातल्या. अधिकाऱ्यांना हा प्रकार अव्यवस्थेचा वाटे. जाळी नाहीं, देखरेख नाहीं, रांग नाहीं. पण मजूर असे पांगले तसा न्यूमोनिया ओसरत गेला, आणि गॉर्गसनें ही गोष्ट टिपून ठेविली. १९१३ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेंतील सोन्याच्या खाणींच्या मालकांनीं मजुरांतल्या न्यूमोनियावर सल्ला विचारण्यास त्याला बोलाविलें, तेव्हां त्यानें हेंच सांगितलें कीं मोठ्या बराकी मोडा आणि माणसांना आपल्या कुटुंबासह वेगवेगळ्या झोंपड्यांतून राहूं द्या.

स्टीव्हन्सनें १९०७ च्या आरंभीं अचानक राजीनामा दिला. कारण त्यानें कधीं नीट सांगितलें नाहीं व तर्क पुष्कळ झाले; त्यांत शिरण्याचें आपल्याला कारण नाहीं. त्याच्यामागून आलेल्या कर्नल जॉर्ज गोथल्स यानें सात वर्षें काम चालवून कालवा पुरा केला. डोंगराचे कडे पुनःपुन्हां कोसळून रूळ व फावडीं गाडलीं गेलीं. डिसेंबर १९०८ मध्यें बास ओबिस्पो येथें बावीस टन सुरुंगाची दारू अवेळीं उडून तेवीस माणसें ठार झालीं. तरी स्टीव्हन्सनें घालून दिलेली रुळांची व्यवस्था मुळांत बदलावी लागली नाहीं, आणि कालव्याच्या यशांत त्याचा वाटा केवढा होता हें गोथल्सनें पुढें मोकळ्या मनानें मान्य केलें. १५ ऑगस्ट १९१४ रोजीं कालवा खुला झाला. अमेरिकनांच्या कारकीर्दींत इस्पितळांच्या नोंदींप्रमाणें ५,६०९ माणसें रोगानें व अपघातानें दगावलीं. त्यांत सुमारें साडेचार हजार कृष्णवर्णीय मजूर होते आणि गोरे अमेरिकन साडेतीनशेंच्या आसपास.

त्या तळाचें पुढें काय झालें? कालव्यासाठीं गातूनचें सरोवर भरावयाचें म्हणून स्टीव्हन्सनें दुहेरी केलेला रेल्वेमार्ग बऱ्याच ठिकाणीं सोडावा लागला व १९१२ पर्यंत उंच जागेवरून नवा मार्ग झाला. गोर्गोनाचे कारखाने पॅसिफिककडील बाल्बोआ येथें हलविले, घरें मोडून फळ्या नेल्या, आणि १९१३ सालीं तें गांव उठलें. ज्या ठाण्यांतून पहांटे पाव व बर्फ उतरत असे त्यांतील कांहींच्या जागेवरून आतां जहाजें जातात.